फिशमीलऐवजी पेंड: माशांचं खाद्य घरी करणाऱ्या नवख्यांसाठी

शेततळ्यात बोटुकली (बोटभर लांबीची माशांची पिल्लं) सोडून दोन-तीन महिने झाले की फोन येतो. "मासे वाढतायत हो, पण खाद्याच्या गोण्या परवडत नाहीत." तक्रार खोटी नाही. मत्स्यशेतीत निम्म्याहून जास्त खर्च खाद्यावरच होतो. तोवर गावातल्या कुणीतरी उपायही सांगून टाकलेला असतो: "फिशमीलमुळे महाग पडतं, ते काढ आणि सोयाबीन घाल." फिशमील म्हणजे सुकवून दळलेल्या मासळीची पूड. हा सल्ला अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा कुणी सांगत नाही, आणि पैसे तिथेच बुडतात.

फिशमीलच्या जागी जशीच्या तशी ओतावी अशी एक गोणी बाजारात मिळत नाही. फिशमील एकटं चार-पाच कामं करतं. ते काढलं की ती कामं वेगवेगळ्या वस्तूंना वाटून द्यावी लागतात. घरी पेंड आणून खाद्य करू बघणाऱ्यांसाठी हा लेख आहे. कारखाना टाकणाऱ्यांनी आहारतज्ज्ञ गाठावा.

पायरी १ : आधी मासा बघा

रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस हे सगळे एकाच कुळातले, म्हणजे कार्प, आणि या कुळाला जठरच नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात जातं. हे मासे निसर्गात शेवाळ, प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), कुजकं, किडे असं मिसळ खातात. फिशमीलची गरज त्यांना कधी नव्हतीच. आपल्या देशात कार्पसंवर्धन वाढलं ते शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मे-निम्मे मिसळून. आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या पट्ट्यात तेल काढलेला भाताचा कोंडा आणि पेंड रिकाम्या गोण्यांत भरून, गोण्यांना भोकं पाडून, त्या बांबूला बांधून तळ्यात लोंबत सोडतात. मासे येऊन भोकांतून चोखतात. फिशमीलचा पत्ताही नसतो.

तिलापिया, म्हणजे उजनीकाठची चिलापी, आणि पंगस हेही पेंडीवर निभावून नेतात. मात्र जिताडा, मरळ आणि ट्राउट यांचं तसं नाही. हे मांसाहारी मासे. त्यांना ४० टक्क्यांच्या पुढे प्रथिनं लागतात, आणि पेंड जास्त झाली की ते खाद्याला तोंडच लावत नाहीत. पेण-अलिबागकडे जिताडा पाळणारे मला विचारतात, तेव्हा मी त्यांना पेंडीच्या वाटेला जाऊ नका असंच सांगतो. पहिला प्रयोग जिताड्यावर करणं म्हणजे पोहायला शिकायला थेट खाडीत उडी मारणं.

मांसाहारी माशांना वनस्पतीची प्रथिनं चालतच नाहीत असंही नाही. नॉर्वेच्या सॅमन-खाद्यात १९९० साली समुद्री प्रथिनांचा वाटा ६५ टक्क्यांच्या आसपास होता, तो २०२० पर्यंत १२ टक्क्यांच्या आसपास आला. पण त्यांनी साधी सोयापेंड घातली नाही. साध्या पेंडीने सॅमनच्या आतड्याला सूज येते. म्हणून पेंड अल्कोहोल आणि पाण्याने धुऊन, त्रास देणारे घटक काढून केलेलं सोया कॉन्सन्ट्रेट ते वापरतात. त्यामागे कारखाना आणि प्रयोगशाळा असते. आपल्याकडे असतं पातेलं.

माशानंतर पाणी बघा. मातीच्या हिरव्यागार तळ्यात मासा आपलं निम्मंअधिक पोट प्लवंगावर भरतो, त्यामुळे खाद्यात काही कमी राहिलं तर तळं सांभाळून घेतं. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तळाची माती नसते, म्हणून नैसर्गिक खाद्य कमी. धरणातल्या पिंजऱ्यात तर मासा सर्वस्वी तुमच्या हातावर. एकच पाककृती मातीच्या तळ्यात चालते आणि पिंजऱ्यात आपटते, त्याचं कारण हे. पिंजरा असेल तर पहिली दोन वर्षं घरच्या खाद्याचा नाद करू नका.

पायरी २ : फिशमील काय काय करतं ते समजून घ्या

चांगल्या फिशमीलमध्ये ६० ते ७० टक्के प्रथिनं असतात. आपल्याकडे मिळणारं बरंचसं त्याखालचं असतं, आणि त्यात वाळूही निघते. पण खरी किंमत टक्क्यांची नाही. माशाला दहा अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक, बाहेरून मिळावी लागतात. फिशमीलमध्ये ती माशाच्या अंगात असतात त्याच प्रमाणात येतात, कारण तोही मासाच. वनस्पतीत हे प्रमाण बिघडलेलं असतं. शेंगदाणा आणि तिळात लायसीन कमी, सोयाबीनमध्ये मिथिओनीन कमी.

दुसरं काम वासाचं. मासा खाद्य नाकाने ओळखतो. तिसरं फॉस्फरसचं. फिशमीलमध्ये तो हाडांमधून येतो. पेंडीतला बहुतेक फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि तो माशाला फोडता येत नाही. न पचलेला फॉस्फरस विष्ठेतून पाण्यात जातो, आणि पाणी गरजेपेक्षा जास्त हिरवं होतं. चौथं म्हणजे फिशमीलमध्ये चोथा जवळपास नसतो, त्यामुळे थोड्या जागेत भरपूर माल बसतो. पेंडीत नेमकी ती जागा मिळत नाही.

एवढं सगळं करणारी वस्तू मग सोडायची कशाला? कारण ती आपल्या हातात नाही. एक किलो फिशमीलला चार-साडेचार किलो ताजी मासळी लागते. जगातलं सर्वात जास्त फिशमील पेरूच्या अँकोव्हेटा माशापासून होतं. २०२३ मध्ये एल निनोमुळे तिथला मासेमारीचा पहिला हंगामच रद्द झाला आणि जगभर भाव चढले. पेरूचा समुद्र तापला म्हणून लातूरच्या शेततळ्याचं गणित चुकावं हे मला पटत नाही. सोयाबीन तर आपल्या बांधाशी आहे.

पायरी ३ : पेंड ओळखायला शिका

ही पायरी मोठी आहे, कारण घरचं खाद्य इथेच जमतं किंवा फसतं. पाककृती जरा चुकली तर मासा थोडा कमी वाढतो. पेंड खराब निघाली तर तो मरतो.

*सोया डीओसी.* तेल काढून उरलेली सोयाबीनची पेंड. बाजारात सगळे तिला डीओसीच म्हणतात. प्रथिनं ४६ टक्क्यांच्या आसपास, आणि वनस्पतींत लायसीन सर्वात बरं. आपल्या खाद्याचा कणा हीच.

मराठवाड्यात हमखास विचारतात, "घरचं सोयाबीन आहे, तेच दळून घालू का?" कच्चं नको. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला अडवणारा घटक असतो. ट्रिप्सिन हे प्रथिनं पचवणारं पाचकद्रव्य. ते अडलं की मासा खातो, पण अंगाला लागत नाही. घरातल्या बायकांना हे कधीचं ठाऊक आहे. चपातीच्या पिठात सोयाबीन घालायचं तर त्या आधी खमंग भाजून घेतात, कच्चं दळत नाहीत. माशांसाठीही तेच. भिजवून अर्धा तास शिजवा किंवा नीट भाजा. शिवाय अख्ख्या सोयाबीनमध्ये १८ ते २० टक्के तेल असतं. त्यामुळे ते भरपूर घातलं तर खाद्य तेलकट होऊन लवकर खवट होतं.

डीओसी कारखान्यात भाजली जाते, पण कधी कमी, कधी जास्त. कमी भाजली तर ट्रिप्सिनची अडचण तशीच राहते. जास्त भाजली तर लायसीन जळतं. रंग फिकट सोनेरी हवा. तांबूस-तपकिरी पडलेली, करपट वासाची घेऊ नका.

आणि आता भेसळ. प्रयोगशाळा प्रथिनं थेट मोजत नाही. नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे कागदावर युरियाचं 'प्रथिन' भरतं २८७ टक्के! शंभर किलो पेंडीत एक किलो युरिया पडला तरी रिपोर्टमध्ये जवळपास अडीच टक्के प्रथिनं वाढलेली दिसतात. आमच्या पहिल्याच वर्षी एका व्यापाऱ्याकडून स्वस्तातली डीओसी आणली होती. रिपोर्ट झकास होता, मासे मात्र जागचे हलले नाहीत. तेव्हापासून मी बाटल्यांची परीक्षा घेतल्याशिवाय गोणी उतरवून घेत नाही.

कच्च्या सोयाबीनमध्ये युरियेज नावाचं द्रव्य असतं, ते युरिया फोडून अमोनिया बाहेर काढतं. नीट भाजलं की ते मरतं. म्हणजे एकाच गोष्टीने दोन्ही पारखता येतं. झाकणाच्या तीन बाटल्या घ्या. प्रत्येकीत दोन-दोन चमचे डीओसी आणि अर्धा कप कोमट पाणी घाला. पहिली तशीच ठेवा. दुसरीत चिमूटभर युरिया टाका. तिसरीत चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ घाला. झाकणं लावून, हलवून अर्धा तास उबेला ठेवा, मग एकेक उघडून हुंगा. दुसरीतून लगेच नाकात झणका आला तर पेंड कच्ची राहिली आहे. उशिरा, अगदी हलका वास आला तर चालतं. तिसरीतून झणका आला तर पेंडीत युरिया आहे. पहिलीतूनच आला तर दोन्ही दोष आहेत, गोणी परत पाठवा. वास ओळखीचा नसेल तर चौथ्या बाटलीत कच्चं पीठ आणि युरिया एकत्र घालून बघा, म्हणजे अंदाज येतो. हे काही प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र नाही, पण फसवणारा माल बहुतेक वेळा इथेच उघडा पडतो.

*शेंगदाणा पेंड.* प्रथिनं ४० ते ४५ टक्के, माशाला चव आवडते. लायसीन मात्र सोयाच्या जवळपास निम्मं. पण तिचं खरं दुखणं बुरशी. अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले. ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड त्याला कारण निघाली, आणि हे विष तेव्हाच पहिल्यांदा माहीत झालं. त्याच सुमाराला अमेरिकेत पाळलेल्या ट्राउट माशांच्या यकृतात गाठींची साथ आली, तिचा माग सरकी पेंडीतल्या अफ्लाटॉक्सिनपर्यंत गेला. हे विष शिजवून जात नाही. पेंड उन्हात वाळवली की बुरशी मरेल, पण केलेलं विष तसंच राहील. म्हणून पावसाळ्यात घाण्यावरची ओलसर पेंड घेऊ नका. वडी मोडून आत बघा. हिरवट-काळपट छटा किंवा कुबट वास असेल तर गुरांनाही घालू नका, खड्ड्यात टाका.

*तिळाची पेंड.* थोडी मिळते, महागही पडते. पण मिथिओनीन चांगलं, म्हणजे सोयाची उणीव भरून काढणारी. शंभरात पाच-सहा किलो पुरते.

*सरकी.* पश्चिम महाराष्ट्रात पेंड म्हणतात, विदर्भ-खानदेशात ढेप. गुरांसाठी मिळते ती सालीसकटची. तिच्यात प्रथिनं विशीच्या घरात आणि चोथा भरपूर. माशाला ती नको. साल काढलेली मिळाली तर प्रथिनं चाळिशीकडे जातात, पण सरकीतलं गॉसिपॉल नावाचं द्रव्य आड येतं. ते लायसीनला बांधून ठेवतं आणि जास्त झालं तर विषारीही असतं. हिराकस घातलं की त्यातलं लोह गॉसिपॉलला धरतं, हा उपाय जुना आहे. तरी शंभरात दहा किलोच्या पुढे मी जात नाही.

मोहरीची पेंड उग्र असते, पाच-दहा टक्क्यांत निभावते. सूर्यफुलाच्या पेंडीत टरफल फार. मका ग्लुटेनमध्ये प्रथिनं ६० टक्के, आकडा बघून मोह होतो, पण लायसीन नावालाच. सोयाच्या जोडीला थोडं ठीक.

आता ज्या पेंडी घालायच्याच नाहीत त्या. मोहाची पेंड माशाला विष आहे. तळं तयार करताना नको असलेले मासे मारायला तीच हेक्टरी दोन-अडीच टन टाकतात आणि नंतर दोन-तीन आठवडे बीज सोडत नाहीत. एरंडीच्या पेंडीत रायसिन हे विष असतं. करंज आणि निंबोळी पेंड खत म्हणून शेतात घाला. "पेंड ती पेंड" म्हणून स्वस्त मिळाली ती आणली आणि रात्रीत तळं उलटं झालं, असं होऊ शकतं.

अझोल्याबद्दल, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या त्या बारीक वनस्पतीबद्दल, विचारणारे खूप आहेत, म्हणून थोडं बोलतो. अझोल्यात प्रथिनं २०-२५ टक्के असतात हे खरं, पण वाळवल्यावर. शंभर किलो ओला अझोला वाळवला की सहा-सात किलो उरतो. त्यातली प्रथिनं दीड किलोच्या आसपास, म्हणजे सव्वातीन किलो डीओसीइतकी. गवत्या मासा असेल तर ओला अझोला तसाच टाका, तो मिटक्या मारत खाईल. पण तो काढून, वाळवून, दळून खाद्यात घालायची मेहनत मला आजवर परवडलेली नाही.

पायरी ४ : हिशेब मांडा

वाढीच्या काळात रोहू-कटला आणि चिलापीला २८ टक्के प्रथिनांचं खाद्य बरं. बोटुकलीला जास्त लागतं, ३२ ते ३५.

सर्वात सोपा हिशेब चौकोनाचा. डाव्या बाजूला वर डीओसीचे ४६ आणि खाली भाताच्या कोंड्याचे १३ लिहा. मधोमध हवे असलेले २८. तिरक्या वजाबाक्या करा: २८ उणे १३ म्हणजे १५, हा डीओसीचा वाटा. ४६ उणे २८ म्हणजे १८, हा कोंड्याचा. एकूण ३३ वाटे. म्हणजे शंभर किलोत साडेपंचेचाळीस किलो डीओसी आणि साडेचौपन्न किलो कोंडा. झालं २८ टक्के.

पण हे फक्त प्रथिनांचं झालं. फिशमीलची बाकीची कामं वाटायची राहिली. मी मातीच्या तळ्यातल्या कार्पसाठी वापरतो ती शंभर किलोची घडण अशी:

सोया डीओसी ३६ किलो
शेंगदाणा पेंड १२ किलो
तीळ पेंड ६ किलो
राईस पॉलिश (भाताचा बारीक कोंडा) २६ किलो
मक्याचं पीठ १४ किलो
तेल २ किलो
मोनोकॅल्शियम फॉस्फेट १.५ किलो
माशांसाठीचं जीवनसत्त्व-खनिज मिश्रण १ किलो
गवार गम ७०० ग्रॅम
मीठ ५०० ग्रॅम
लायसीन २०० ग्रॅम
मिथिओनीन १०० ग्रॅम

प्रथिनांची बेरीज साडेअठ्ठावीसच्या आसपास येते. लायसीन का घातलं ते बघा. कार्पला खाद्यातल्या प्रथिनांच्या ५.७ टक्के लायसीन लागतं. २८ टक्क्यांच्या खाद्यात ते १.६ किलो होतं. वरच्या सगळ्या पेंडी-पिठांतून येतं साधारण १.४४. खड्डा साधारण एकशेसाठ ग्रॅमचा. बाजारातल्या लायसीनमध्ये खरं लायसीन ७८ टक्के असतं, म्हणून दोनशे ग्रॅम. मिथिओनीन कागदावर जेमतेम पुरतं, पण पेंडीतलं सगळंच पचत नाही, म्हणून शंभर ग्रॅम वरून.

फॉस्फेट घेताना दुकानदार डायकॅल्शियम पुढे करेल, कारण कोंबड्यांना तेच जातं. आपल्या माशाला जठर नाही, म्हणून आम्लही नाही, आणि डायकॅल्शियम नीट विरघळत नाही. सायप्रिनसवरच्या चाचण्यांत मोनोकॅल्शियममधला ९० टक्क्यांहून जास्त फॉस्फरस अंगी लागला, डायकॅल्शियममधला निम्म्याहून कमी. किलोमागे थोडे जास्त द्या, पण मोनोच घ्या.

बोटुकलीच्या खाद्यात मी अजूनही पाच ते आठ टक्के फिशमील ठेवतो. लहान वयात वाढ अडली तर ती पुढे भरून निघत नाही. कुणाला शंभर टक्के शाकाहारी खाद्याची हौस असेल तर ती मोठ्या माशांवर भागवावी.

पायरी ५ : खाद्य तयार करा

सगळं बारीक दळून घ्या. गिरणीवाल्याला 'भाकरीच्या पिठासारखं' सांगा. डाळीच्या भरड्यासारखं राहिलं तर गोळी फुटते आणि पचनही कमी होतं. पेंडी, राईस पॉलिश आणि मीठ कोरडंच मिसळा, मक्याचं पीठ बाजूला ठेवा. लायसीन, मिथिओनीन, फॉस्फेट असे ग्रॅममधले जिन्नस आधी दोन किलो पिठात कालवा, ते दहा किलोत, मग सगळ्यात. थेट ढिगावर भुरभुरले तर एका माशाला सगळं आणि दुसऱ्याला काहीच नाही.

मक्याच्या पिठाची उकड काढा, मोदकाला काढतो तशी. ही उकडच सगळं चिकटवून धरते. गरम असतानाच ती मिश्रणात घालून घट्ट मळा. मूठ दाबली की गोळा राहावा आणि हाताला पाणी सुटू नये. मग पंधरा-वीस मिनिटं वाफवा. कोमट झाल्यावर जीवनसत्त्व मिश्रण आणि गवार गम घाला. आधी घातलं तर क जीवनसत्त्व वाफेत जाईल. फायटेट फोडणारं फायटेज आणणार असाल तर तेही उष्णतेने मरतं. ते सुकलेल्या गोळीवर तेलातून शिंपडा.

पहिल्या दोन-पाच किलोंसाठी यंत्र आणू नका. शेवेचा सोऱ्या घ्या, जाड जाळी लावा आणि ताटावर पाडा. आमच्याकडे पहिला घाणा कुरडईच्या सोऱ्यातूनच निघाला, आणि त्यावरून घरात बोलणीही खाल्ली. नवा घ्या. मन बसलं की खिम्याचं यंत्र पुरतं. तरंगणारी गोळी घरी होत नाही, तिला एक्स्ट्रूडर, म्हणजे दाबाने गोळी फुगवणारं यंत्र लागतं. ही बुडणारी गोळी आहे, म्हणून ती ताटलीतच द्यायची.

सावलीत, वाऱ्यावर वाळवा. गोळी मोडली की 'कट्' आवाज यावा. वाकली तर ओल आहे, आणि ओल असली की आठ दिवसांत बुरशी. मग पाण्याच्या पेल्यात दोन गोळ्या टाका आणि चहा घेऊन या. वीस मिनिटांनी आकार टिकून असेल तर खाद्य जमलं. पाणी गढूळ होऊन तळाशी पीठ बसलं असेल तर उकड कमी पडली.

महिन्याभराचंच करा. पावसाळ्यात पंधरा दिवसांचं. गोण्या भिंतीपासून हातभर लांब, फळ्यांवर.

पायरी ६ : माशाला सवय लावा

सोमवारी जुनं खाद्य, मंगळवारी नवं, असं केलं की मासे रुसतात. पहिले चार दिवस पाव भाग नवं, पुढचे चार दिवस निम्मं, मग पाऊण, आणि दोन आठवड्यांनी सगळं. सुरुवातीला दोन-तीन टक्के फिशमील किंवा कोळंबीच्या डोक्यांची पूड वासापुरती राहू द्या. सवय झाली की हळूहळू काढा.

सुट्टी अमिनो आम्लं आतड्यातून झटकन शोषली जातात. पेंडीतली प्रथिनं सावकाश पचतात. दोघांची गाठ पडत नाही आणि लायसीन वाया जातं. म्हणून दिवसाचं खाद्य एकदाच ओतू नका. तेवढंच तीन-चार वेळा विभागून द्या.

खाद्य ताटलीत ठेवून पाण्यात सोडा आणि दोन तासांनी वर उचला. ताटली चाटूनपुसून साफ असेल तर उद्या थोडं वाढवा. उरलं असेल तर कमी करा आणि कारण शोधा. ढगाळ दिवशी, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर त्या दिवशी खाद्य देऊच नका. तो प्रश्न प्राणवायूचा आहे, पेंडीला दोष देऊ नका.

पायरी ७ : दोन हापे लावा आणि मोजा

हिशेब कितीही चांगला बसला तरी निकाल माशाच्या वजनात लागतो. तळ्यातच दोन सारखे हापे, म्हणजे जाळीचे कप्पे, बांधा. दोन्हींत एकाच दिवशी, एकाच मापाचे पन्नास-पन्नास मासे सोडा. एकात बाजारचं खाद्य, दुसऱ्यात तुमचं. दोन्हींत प्रथिनांचा टक्का सारखा हवा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. घातलेलं खाद्य रोज वहीत उतरवा. दर पंधरा दिवसांनी दहा-दहा मासे तोला.

खाद्य किती गेलं भागिले वजन किती वाढलं, हा एफसीआर. पण नुसता एफसीआर बघून उपयोग नाही, त्याला किलोच्या भावाने गुणा. समजा बाजारचं खाद्य ५५ रुपये किलो आहे आणि एफसीआर १.५ येतो. एक किलो मासा पडला साडेब्याऐंशी रुपयांना. तुमचं घरचं ३८ रुपयांत पडतं आणि एफसीआर २.१ येतो. मासा पडला जवळपास ऐंशीला. दळण, वाफ, वाळवण यांची मजुरी धरली तर हातात काहीच राहिलं नाही. एफसीआर २.४ झाला की तो मासा ९१ रुपयांना जातो. स्वस्त गोणीतून महाग मासा निघतो तो असा. उलट एफसीआर १.८ वर आणता आला तर ६८ रुपये, आणि मग सगळा खटाटोप सार्थकी लागतो. दोन एफसीआरमधला हा फरक दळण किती बारीक, पेंड किती ताजी आणि ताटली रोज उचलली की नाही यावर ठरतो, असा माझा अनुभव आहे.

तोलताना मधूनच एखादा मासा चिरून यकृत बघा. तांबूस-तपकिरी असेल तर ठीक. फिकट पिवळं, ठिसूळ दिसलं तर पेंडीचा साठा तपासा, आणि पहिला संशय शेंगदाणा पेंडीवर घ्या. नमुना तपासायचा तर लातूरकडच्यांना उदगीरचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय जवळ, कोकणात रत्नागिरीजवळ शिरगावचं आहे, विदर्भात नागपूरचं, आणि मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. जाताना अर्धा किलो पेंड कोरड्या पिशवीत न्या, गोणीच्या वरून, मधून आणि तळातून थोडी-थोडी घेतलेली. फक्त वरची मूठ नेली तर रिपोर्टही वरवरचाच येतो.

साठाव्या दिवशी दोन्ही हापे उचला, सगळे मासे तोला, वहीतल्या दोन्ही बेरजा शेजारी-शेजारी मांडा, आणि पुढच्या दहा गोण्यांची ऑर्डर त्यानंतर द्या.